वालचंद हिराचंद

वालचंद हिराचंद दोशी (२३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर – ८ एप्रिल १९५३, सिद्धपूर, गुजरात) हे महाराष्ट्रातील उद्योजक होते. बांधकाम, जहाज वाहतूक, साखर, विमानबांधणी, जहाजबांधणी आणि मोटारनिर्मिती या क्षेत्रांत त्यांनी भारतीय मालकीचे उद्योग उभे केले. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे ते संस्थापक-सदस्य होते. बंगळूरची हिंदुस्थान एअरक्राफ्ट, विशाखापट्टणमची जहाजबांधणी गोदी आणि मुंबईतील कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाईल्स यांची उभारणी त्यांच्या पुढाकाराने झाली. प्रीमियरच्या कारखान्यातून १९४७ साली पहिली मोटार बाहेर पडली. परदेशातून आलेले भाग जोडण्यापासून मोटारीचे भाग देशातच घडवण्यापर्यंत भारतीय मोटार उद्योगाने जी वाटचाल केली, तिच्या आरंभकर्त्यांमध्ये त्यांची गणना होते.

बालपण व शिक्षण

वालचंद यांचे घराणे मूळचे गुजरातमधील. व्यापाराच्या निमित्ताने ते महाराष्ट्रात येऊन स्थायिक झाले होते. दिगंबर जैन समाजातील हे कुटुंब सोलापुरात कापसाचा व्यापार आणि सावकारी करीत असे. वडील हिराचंद नेमचंद दोशी हे समाजकार्यातही भाग घेत. वालचंद यांच्या जन्मानंतर लवकरच त्यांच्या आईचे निधन झाले. सोलापुरात शालेय शिक्षण पूर्ण करून ते मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आणि पुढे पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकले. मात्र पदवी न घेताच त्यांनी शिक्षण सोडले आणि घरच्या व्यवसायात लक्ष घातले. कापूस आणि सावकारी यांत त्यांचे मन फारसे रमले नाही. त्यांचा ओढा प्रत्यक्ष काहीतरी उभारण्याच्या कामाकडे होता.

बांधकाम व्यवसाय

रेल्वेत कारकून म्हणून काम केलेले लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी वालचंद यांनी भागीदारी केली. फाटक यांना रेल्वेच्या कामाची माहिती होती, तर वालचंद यांच्याकडे भांडवल उभे करण्याची क्षमता होती. बार्शी लाईट रेल्वेच्या मार्गाचे काम हे या भागीदारीच्या पहिल्या कामांपैकी होय. पुढे रेल्वे आणि लष्करासाठी त्यांनी अनेक कंत्राटे घेतली. पहिल्या महायुद्धाच्या काळात हा व्यवसाय विशेष वाढला. १९२० साली टाटांच्या सहभागाने टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली व तिची सूत्रे वालचंद यांच्याकडे आली. २७ जानेवारी १९२६ रोजी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना झाली.

वालचंद यांच्या बांधकाम कंपन्यांनी केलेल्या कामांत बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा जलवाहिनीचे काम आणि सिंधू नदीवरील कालाबाग येथील पूल यांचा समावेश होतो. यांपैकी पहिली दोन कामे तेव्हाच्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या परिसराशी निगडित आहेत. कल्याणहून पुण्याकडे जाणारा लोहमार्ग आजच्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या शहरांतून कर्जतला पोहोचतो आणि तेथून बोरघाट चढतो. या मार्गावरून घाट चढणाऱ्या गाड्या ज्या बोगद्यांतून जातात, त्यांच्या बांधणीत वालचंद यांच्या कंपनीचा वाटा आहे.

जहाज वाहतूक

पहिल्या महायुद्धानंतर ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे लॉयल्टी हे जहाज विक्रीस निघाले. मूळचे प्रवासी असलेले हे जहाज युद्धकाळात रुग्णालय म्हणून वापरले गेले होते. वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांच्या साथीने ते विकत घेतले व १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टीने मुंबईहून लंडनच्या दिशेने प्रस्थान केले. हा दिवस भारतात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

भारताच्या सागरी वाहतुकीवर त्या काळी ब्रिटिश कंपन्यांचे जवळजवळ संपूर्ण वर्चस्व होते. नवी भारतीय कंपनी टिकू नये म्हणून त्यांनी मालवाहतुकीचे दर मोठ्या प्रमाणात उतरवले. अखेर १९२३ साली सिंदियाला एक करार मान्य करावा लागला. त्यामुळे कंपनी वाचली, पण तिच्या जहाजांच्या संख्येवर व मार्गांवर दीर्घकाळ मर्यादा आल्या. नरोत्तम मोरारजी यांच्या निधनानंतर १९२९ साली वालचंद कंपनीचे अध्यक्ष झाले व १९५० पर्यंत त्या पदावर राहिले. किनाऱ्यावरील वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखीव असावी, ही मागणी त्यांनी या काळात सातत्याने लावून धरली. १९३२–३३ मध्ये ते भारतीय वाणिज्य व उद्योग महासंघाचे अध्यक्ष होते.

साखर आणि यंत्रे

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात रावळगाव येथे वालचंद यांनी उसाची शेती उभी केली व पुढे तेथे साखर कारखाना काढला. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात कळंब येथे १९३४ साली दुसरा कारखाना सुरू झाला. त्याभोवती वसलेल्या वसाहतीला वालचंदनगर हे नाव मिळाले. नीरा कालव्याच्या पाण्यावर हा परिसर उभा राहिला. कारखान्याच्या यंत्रांची दुरुस्ती दूरच्या शहरावर अवलंबून राहू नये, म्हणून तेथे कार्यशाळा आवश्यक होती. कालांतराने वालचंदनगर हे साखर कारखान्यांची यंत्रसामग्री आणि इतर जड यंत्रे बनवणारे केंद्र म्हणून ओळखले जाऊ लागले.

विमाने आणि जहाजबांधणी

१९३९ मध्ये अमेरिकेच्या प्रवासात वालचंद यांची विमान व्यवसायातील विल्यम पॉली यांच्याशी भेट झाली. त्यातून भारतात विमान कारखाना काढण्याची योजना पुढे आली. म्हैसूर संस्थानाच्या सहभागाने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी नोंदवली गेली. दुसऱ्या महायुद्धामुळे तिचे लष्करी महत्त्व वाढले आणि १९४२ साली भारत सरकारने वालचंद यांचा हिस्सा विकत घेतला. आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड ही सरकारी कंपनी याच कारखान्यातून पुढे आली आहे.

२१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम येथे सिंदियाच्या जहाजबांधणी गोदीची पायाभरणी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाली. या गोदीत बांधलेल्या जलउषा या जहाजाचे १४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी जलावतरण केले. ही गोदीही पुढे सरकारी मालकीची झाली.

मोटार कारखाना

१९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात जनरल मोटर्स आणि फोर्ड या कंपन्यांनी भारतात मोटारींची जोडणी सुरू केली होती. जनरल मोटर्सचा मुंबईतील कारखाना १९२८ साली निघाला. सुट्या भागांच्या पेट्या जहाजाने येत आणि येथे त्या भागांची जोडणी होई. इंजिन, गिअर, इंधनपंप, कार्बोरेटर यांपैकी काहीही देशात तयार होत नसे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३०च्या दशकात भारतात पूर्ण मोटार बनवण्याची योजना मांडली. वालचंद यांनी ती उचलून धरली.

१९३९ मध्ये वालचंद यांनी अमेरिकेत मोटार कंपन्यांशी बोलणी केली. फोर्डशी करार होऊ शकला नाही, कारण भारतातील व्यवसायाचे हक्क फोर्डच्या कॅनडातील कंपनीकडे होते. क्रायस्लर कंपनीशी मात्र सहकार्याचा करार झाला. युद्धकाळात भारत सरकारने या कारखान्याला युद्धोपयोगी उद्योग म्हणून मान्यता व साहाय्य दिले नाही. त्यामुळे योजना काही वर्षे रखडली. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली आणि कुर्ला येथे कारखाना उभा राहिला. मार्च १९४७ मध्ये तेथून पहिली मोटार बाहेर पडली. डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या मोटारी व डॉज आणि फार्गो हे ट्रक सुरुवातीला येथे जोडले जात. बिर्ला समूहाची हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी १९४२ साली स्थापन झाली होती. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर या दोन कंपन्यांनी भारतीय मोटार उद्योगाचा पाया घातला.

तत्कालीन मोटारीची इंधनप्रणाली

मोटार जोडणे आणि मोटार बनवणे यांत किती अंतर आहे, हे इंधनप्रणालीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. प्रीमियरच्या सुरुवातीच्या अमेरिकन मोटारी आणि नंतरच्या फियाट मोटारी यांच्या आकारात मोठा फरक होता, तरी त्यांच्या इंधनप्रणालीचे मूलतत्त्व एकच होते.

पेट्रोल टाकीत साठवले जाते. टाकीतून पेट्रोल बाहेर जाते तेव्हा त्याची जागा घेण्यासाठी हवा आत यावी लागते. त्यासाठी टाकीला किंवा तिच्या झाकणाला बारीक छिद्र असते. हे छिद्र बुजले तर टाकीत पोकळी निर्माण होते आणि टाकी भरलेली असूनही गाडी थांबते. टाकीतून निघालेली धातूची नळी पेट्रोल इंजिनापर्यंत आणते. वाटेतील गाळणी गंज, धूळ आणि कचरा अडवते.

पेट्रोल ओढण्याचे काम इंजिनालाच जोडलेला यांत्रिक इंधनपंप करतो. गॅरेजमध्ये तो एसी पंप या नावाने ओळखला जातो. इंजिनातील कॅमशाफ्टवरचा उंचवटा फिरताना पंपाची दांडी दाबतो. दांडीमुळे लवचीक पडदा खाली खेचला जातो आणि टाकीकडील झडप उघडून पेट्रोल पंपात येते. स्प्रिंगच्या जोराने पडदा वर जातो तेव्हा दुसरी झडप उघडते व पेट्रोल कार्बोरेटरकडे ढकलले जाते. एवढ्या पंपाचे सर्व कार्य त्या पातळ पडद्यावर आणि दोन छोट्या झडपांवर अवलंबून असते.

कार्बोरेटर पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करतो. त्याच्या एका कप्प्यात तरंगणारा फ्लोट असतो. पेट्रोलची पातळी वाढली की फ्लोट वर जातो आणि सुईसारखी झडप प्रवाह बंद करते. पातळी उतरली की झडप पुन्हा उघडते. घरातील पाण्याच्या टाकीतही पाणी भरल्यावर नळ याच पद्धतीने आपोआप बंद होतो. कार्बोरेटरच्या मुख्य नळीचा मध्यभाग निमुळता असतो. इंजिन हवा ओढते तेव्हा या निमुळत्या भागात हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. कमी झालेल्या दाबामुळे जेट नावाच्या सूक्ष्म छिद्रातून पेट्रोल फवाऱ्याच्या रूपाने बाहेर येते आणि हवेत मिसळते. चालक ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा तो प्रत्यक्षात या नळीतील पाकळी उघडून अधिक मिश्रण आत सोडत असतो. थंड इंजिन सुरू करताना चोक ओढून हवा कमी केली जाते, म्हणजे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते.

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने त्याच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. एक लिटर पेट्रोलसाठी हे प्रमाण साधारण ९,००० लिटर हवेइतके होते. हे गुणोत्तर सांभाळण्याचे काम जेटच्या केसासारख्या छिद्राकडे असते. छिद्र किंचित मोठे झाले तर पेट्रोल वाया जाते व धूर होतो. किंचित बुजले तर इंजिन अडखळते आणि प्रमाणाबाहेर तापते. म्हणून असे भाग बनवण्यासाठी अचूक यंत्रे, योग्य मिश्रधातू, पेट्रोलने न फुगणारे रबर आणि कुशल कारागीर हे सर्व देशात असावे लागते. गाडीचा सांगाडा ठोकून घडवता येतो, पण जेट आणि पंपाचा पडदा घडवता येण्यासाठी संपूर्ण औद्योगिक पाया लागतो. मोटार कारखान्याचा आग्रह धरणाऱ्यांपुढे हेच खरे आव्हान होते.

देखभालीचे महत्त्व

आयात मोटारीच्या काळात सुट्या भागाचा प्रश्न देखभालीशी थेट जोडलेला होता. पंपाचा पडदा फाटला की गाडी उभी राहत असे, आणि तो पडदा परदेशातून येणार असेल तर गाडीचा मालक जहाजाच्या वेळापत्रकावर अवलंबून राही. भाग देशात मिळू लागले, तेव्हा ही अडचण कमी झाली आणि गावोगावच्या मिस्त्रींना इंजिन उघडून दुरुस्त करण्याचा आत्मविश्वास आला.

कार्बोरेटरच्या गाड्यांची देखभाल सोपी असली, तरी तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास परिणाम लवकर दिसत. गाळणी वेळेवर साफ न केल्यास कचरा जेटमध्ये अडकतो. फ्लोटला छिद्र पडल्यास त्यात पेट्रोल शिरते, तो बुडतो आणि कार्बोरेटर ओसंडून वाहू लागतो. तापलेल्या इंजिनावर पडणारे हे पेट्रोल आगीचे कारण ठरू शकते. म्हणून पेट्रोलचा वास येत असताना गाडी चालवत राहणे धोक्याचे मानले जाते. उन्हाळ्यात घाट चढताना इंजिनाच्या उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ओढू लागतो आणि गाडी थांबते. अशा वेळी इंजिन थंड होऊ देणे हाच उपाय असतो. स्पार्क प्लगच्या रंगावरून मिश्रणाचा अंदाज बांधण्याची पद्धत मिस्त्रींमध्ये रूढ होती. काजळी धरलेला प्लग जादा पेट्रोलची, पांढुरका प्लग कमी पेट्रोलची आणि फिकट तपकिरी प्लग योग्य प्रमाणाची खूण समजला जाई.

पाणी हा इंधनप्रणालीचा जुना शत्रू आहे. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने टाकीत शिरलेले पाणी तळाशी बसते आणि नळीचे तोंडही तळाजवळच असते. त्यामुळे थोड्या पाण्यानेही इंजिन बंद पडते, शिवाय टाकी आतून गंजते. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीला आलेल्या महापुराने बदलापूर, उल्हासनगर आणि कल्याण परिसरात हाहाकार उडाला. अशा पुरात बुडालेले वाहन लगेच सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास इंजिनाचे मोठे नुकसान होते. ते ओढून गॅरेजमध्ये नेणे, टाकी रिकामी करणे, नळ्या फुंकून साफ करणे, गाळणी बदलणे आणि इंजिन तेल बदलणे ही कामे आधी करावी लागतात.

अखेरची वर्षे

१९४९ साली वालचंद यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये त्यांनी व्यवसायातून निवृत्ती घेतली. कारभार लालचंद, गुलाबचंद व रतनचंद या बंधूंनी पुढे चालवला. याच सुमारास प्रीमियरचा इटलीतील फियाट कंपनीशी करार झाला व १९५१ पासून कुर्ल्यात फियाट ५०० या छोट्या मोटारीची जोडणी सुरू झाली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे वालचंद यांचे निधन झाले.

ज्या वर्षी त्यांचे निधन झाले, त्याच वर्षी भारत सरकारने मोटार उद्योगाविषयी महत्त्वाचा निर्णय घेतला. देशात भाग तयार करण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे आहे, अशाच कंपन्यांना व्यवसायाची परवानगी मिळणार होती. केवळ जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये भारतातील कारखाना बंद केला. फोर्डनेही काढता पाय घेतला. वालचंद यांनी ज्या भूमिकेसाठी दीड दशक प्रयत्न केले, ती अशा रीतीने सरकारी धोरण बनली. ती प्रत्यक्षात उतरलेली पाहण्यास मात्र ते राहिले नाहीत.

वालचंद यांच्यानंतरचा मोटार कारखाना

१९५४ पासून कुर्ल्यात फियाट ११०० ही मोटार तयार होऊ लागली. १,०८९ घन सेंटिमीटर क्षमतेच्या चार सिलिंडरच्या या गाडीची पुढची आवृत्ती १९७०च्या दशकात प्रीमियर पद्मिनी या नावाने प्रसिद्ध झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप या गाडीने अनेक दशके घडवले. साधा पंप, साधा कार्बोरेटर आणि सर्वत्र मिळणारे सुटे भाग यांमुळे टॅक्सीचालक ती दीर्घकाळ वापरू शकले. शतकाच्या वळणावर मुंबईतील टॅक्सींना नैसर्गिक वायूवर चालण्यासाठी संच बसवले गेले. या प्रणालीत वायू सुमारे २०० बार दाबाने भरलेला असतो. म्हणून सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करणे बंधनकारक आहे. जुन्या गाडीला नवे इंधन मिळाले, तशी देखभालीची जबाबदारीही वाढली.

१९९०च्या दशकात बाजारपेठ खुली झाल्यावर प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीबरोबर संयुक्त उपक्रम सुरू केला. प्यूजो ३०९ ही त्याची मोटार उल्हासनगरलगतच्या कल्याण येथील कारखान्यात तयार होई. कामगार-व्यवस्थापन संघर्ष आणि आर्थिक अडचणी यांमुळे हा उपक्रम काही वर्षांतच बंद पडला आणि परिसरातील अनेक कामगारांचा रोजगार गेला. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मध्ये झाली होती. टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर या टॅक्सी रस्त्यावरून निवृत्त झाल्या.

पद्मिनीबरोबर कार्बोरेटरचे युगही मागे पडले. आजच्या मोटारीत विजेवर चालणारा पंप बहुधा टाकीतच असतो. तो अधिक दाबाने पेट्रोल इंजेक्टरकडे पाठवतो. संवेदकांकडून मिळालेल्या माहितीनुसार संगणक प्रत्येक क्षणी पेट्रोलचे प्रमाण ठरवतो. त्यामुळे प्रदूषण आणि इंधनखर्च कमी झाला. मात्र टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. म्हणून टाकी वारंवार तळाला जाऊ देणे त्याला घातक ठरते. गाळणी वेळेवर बदलणे पूर्वीइतकेच आवश्यक आहे. बिघाड ओळखण्यासाठी कानापेक्षा संगणकीय यंत्राची गरज अधिक भासते.

वालचंद यांचे दोन उद्योग आज इंधनाच्या टाकीत एकत्र आले आहेत. साखर कारखान्यांच्या मळीपासून व उसाच्या रसापासून बनणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने देशभर उपलब्ध झाले. इथेनॉल हवेतील पाणी शोषते आणि जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या व पडद्यांवर परिणाम करते. म्हणून जुन्या मोटारी जतन करणाऱ्यांना हे भाग इथेनॉलला टिकणाऱ्या प्रकारचे बसवून घ्यावे लागतात आणि गाडी फार काळ उभी ठेवायची असल्यास टाकीकडे लक्ष द्यावे लागते.

मूल्यमापन

वालचंद यांच्या कारकिर्दीत एक क्रम दिसतो. त्यांनी प्रथम रेल्वेचे मार्ग बांधले, मग त्या काळच्या वाहतुकीचे मुख्य साधन असलेली जहाजे चालवली आणि शेवटी जहाज, विमान व मोटार ही वाहनेच देशात बनवण्याचा ध्यास घेतला. सर्वच प्रयत्न त्यांच्या हाती राहिले नाहीत. विमान कारखाना आणि जहाजबांधणी गोदी सरकारकडे गेली. सिंदियाचा १९२३चा करार ही तडजोड होती. मोटार कारखान्याने सुरुवातीला जोडणीच केली आणि देशी भागांचे प्रमाण हळूहळू वाढत गेले. पुढील काळात संरक्षित बाजारपेठेमुळे ग्राहकाला निवडीला फारसा वाव राहिला नाही आणि एकच गाडी दशकानुदशके तयार होत राहिली, अशी टीकाही या उद्योगावर झाली.

तरीही यंत्र विकत घेणे म्हणजे त्यावर स्वामित्व मिळवणे नव्हे, हा धडा या इतिहासातून मिळतो. जे यंत्र दुरुस्त करता येते आणि ज्याचे भाग आपल्याला घडवता येतात, तेच खऱ्या अर्थाने आपले ठरते. कुर्ल्याच्या कारखान्याने देशाला मोटारींसोबत असे भाग बनवणारे पुरवठादार, दुरुस्ती करणारे मिस्त्री आणि यंत्राशी परिचित असा कामगारवर्गही दिला.

सन्मान व स्मृती

सांगली येथे १९४७ साली सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ मध्ये वालचंद यांचे नाव देण्यात आले. सोलापुरातही त्यांच्या नावाने तंत्रशिक्षण संस्था आहे. वालचंदनगर ही वसाहत त्यांच्या नावानेच ओळखली जाते. गं. दे. खानोलकर यांनी त्यांचे चरित्र लिहिले आहे. भारतीय टपाल खात्याने २००४ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.